एकोणपन्नास दिवस, सतरा तास

गिरगाव, मुंबई
बुधवार, दि. १८ जून २०२५

चि. अपेक्षा हिस अनेक आशीर्वाद.

तुझी आजी, म्हणजे माझी धाकटी बहीण शैला, हिने दोन वर्षांपूर्वी मला अभिमानाने कळवले होते, की तिची नात भोसरीच्या एका कंपनीत लिफ्टचा मेंदू तयार करते. त्या एका वाक्याच्या भरवशावर मी, आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने, जुनी यंत्रणा काढून तुमच्या कंपनीची पेटी बसवण्याचा ठराव मांडला आणि संमतही करून घेतला. आज त्या मेंदूविषयी लिहीत आहे. तो बिघडलेला नाही, असे तुमच्या तंत्रज्ञाचे मत आहे. त्याने केवळ विचार करणे थांबवले आहे. या दोन अवस्थांमधला फरक तंत्रज्ञाला सांगता आला नाही. तुला सांगता आला तर पाहा.

सोमवारी, १६ जूनला, सकाळी दहा वाजून तेहेतीस मिनिटांनी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उभी राहिली. आत कोणी नव्हते. दिवा चालू, पंखा चालू, मजल्याचा आकडा स्पष्ट. बटण दाबले की तेही आज्ञाधारकपणे उजळते. लिफ्ट मात्र हलत नाही. अर्ज घेऊन कोणत्याही कार्यालयात गेलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. तंत्रज्ञ मंगळवारी आला. त्याने मुख्य खटका बंद करून पुन्हा चालू केला, बरोबर सहाच्या ठोक्याला लिफ्ट चालू झाली, आणि 'अब ठीक है, अंकल' असे निदान करून तो निघून गेला.

तुझ्या सरोजिनी आजीचे सोमवार, बुधवार व शुक्रवार असे तीन दिवस दुपारी एक वाजता डायलिसिस असते, हे तुला ठाऊक आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. ऐंशी पायऱ्या तिला उतरता येत नाहीत आणि चढता तर मुळीच येत नाहीत. सोमवारची तिची पाळी चुकली. मंगळवारचा दिवस तिने उशीला टेकून बसून काढला, कारण आडवे झाले की श्वास पुरत नव्हता. आज ती डायलिसिसला गेली आहे, म्हणून मला हे पत्र लिहिण्याची सवड आहे.

संशयिताचे नावही कळवतो: कुशाबा परब, आमचा लिफ्टमन. मूळचा कणकवलीकडचा. परळची गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे आला, त्याला एकतीस वर्षे झाली. हा गृहस्थ दर अमावास्येला गच्चीवरच्या मशीनघरात जाई, मुख्य खटका बंद करी, मोटार पुसून तिला तेल देई, कुंकू लावी, नारळ फोडी, आणि अर्ध्या-पाऊण तासाने खटका चालू करून इमारतभर खोबरे वाटी. यंत्रालाही महिन्यातून एकदा बसू द्यावे, असा त्याचा सिद्धान्त. ११ मेच्या सभेत मी ही प्रथा बंद करवली. ठरावातले 'विज्ञानयुगास अशोभनीय' हे शब्द माझे. कुशाबाने ठराव ऐकून घेतला, 'बरा' म्हणाला आणि मशीनघराची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यानंतर पाच आठवड्यांत लिफ्ट बंद पडते. मी अडतीस वर्षे मुद्रितशोधन केले आहे. दोन ओळींमधला संबंध मला न सांगता दिसतो. समितीने त्याला तूर्त गावी पाठवले आहे.

तुझे मत कळव. ईमेल नको. ईमेलमध्ये माणूस विचार करण्याआधी उत्तर देतो.

तुझा,
गंगाधर आजोबा


भोसरी, पुणे
२४ जून

ती. आजोबांना साष्टांग नमस्कार.

आजीची पाळी चुकली हे वाचून फार वाईट वाटलं. आता तिला कसं वाटतंय?

तुमच्या लिफ्टबद्दल ऑफिसात बोलले. आमची पेटी अशी आपणहून थांबत नाही, आजोबा. तिच्यात जो प्रोग्रॅम असतो त्याला रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. समजा, स्वयंपाकघरात एकच माणूस आहे. गॅसवर दूध आहे, तव्यावर पोळी आहे, दाराची बेल वाजतेय, फोनही वाजतोय. शहाणा माणूस आधी दूध बघतो, मग पोळी, मग दार, आणि फोन वाजू देतो. आमची सिस्टीम तेच करते, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागात. दारात कोणाचा हात आला तर ते दूध. मजल्याचा आकडा बदलणं हा फोन. साध्या कॉम्प्युटरला उत्तर बरोबर आलं की पुरतं. इथे ते वेळेतही यावं लागतं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर आम्ही चूकच धरतो.

शिवाय आत एक रखवालदार असतो. तो दर सेकंदाला प्रोग्रॅमला विचारतो, जागा आहेस ना? उत्तर आलं नाही तर तो स्वतःच पेटी बंद करून चालू करतो. म्हणजे अडकून राहायचा प्रश्नच येत नाही. चारशेच्या वर इमारतींत आमच्या पेट्या आहेत आणि अशी तक्रार कुठूनच आलेली नाही. बहुतेक विजेचा दाब वरखाली झाला असेल. ते तपासून घ्या.

कुशाबाकाकांनी मुद्दाम काही केलं असेल असं मला नाही वाटत. लहानपणी मी आले की ते मला स्टुलावर बसवून बटणं दाबू द्यायचे.

आजीला नमस्कार.
तुमची,
अपेक्षा


गिरगाव
शनिवार, दि. ९ ऑगस्ट

चि. अपेक्षा हिस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील अकरा चुका वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडल्या आहेत. बारावी चूक पत्रात नसून लिफ्टमध्ये आहे.

बुधवारी, ६ ऑगस्टला, सकाळी अकरा वाजून तीन मिनिटांनी तुमची पेटी पुन्हा विचारशून्य झाली. या खेपेस लिफ्ट तळमजल्यावर होती. दिवा, पंखा, आकडा, उजळणारे बटण, सर्व यथास्थित. तुझा रखवालदार बहुधा आमच्या संस्थेच्या रखवालदाराकडे शिकलेला असावा. तोही विचारले की 'जागा आहे' असेच सांगतो. विजेच्या दाबाची तपासणी केली. दाब उत्तम आहे. गिरगावात वीज जात नाही, हा आमचा दोष समजावा.

सरोजिनीची पाळी दुसऱ्यांदा चुकवणे शक्य नव्हते. तळमजल्यावरचा मनू आणि तिसऱ्या मजल्यावरचा हितेंद्र यांनी प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले आणि तिला त्यात बसवून खाली नेले. मी पुढे राहून मार्गदर्शन करीत होतो. संध्याकाळी परतताना ती चार तासांच्या डायलिसिसने गळून गेली होती आणि मनूला दर मजल्यावर दम लागत होता. तिसऱ्या मजल्यावर ती त्याला म्हणाली, "मनू, दमलास तर ठेव मला इथंच. मी काही पळून जात नाही." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण तिचे ओठ निळसर दिसत होते.

तंत्रज्ञ या खेपेसही दुसऱ्या दिवशी आला. गुरुवारी सायंकाळी सात वाजून वीस मिनिटांनी त्याने खटका चालू केला. निदान तेच. मला अंकल म्हणू नये अशी त्याला लेखी सूचना दिली आहे.

आता एक गंमत सांगतो. मी इमारतीची दैनंदिनी ठेवतो, हे तुझ्या पिढीला हास्यास्पद वाटते. १७ जूनला खटका चालू झाला सायंकाळी सहा वाजता. लिफ्ट थांबली ६ ऑगस्टला अकरा वाजून तीन मिनिटांनी. मधला काळ: एकोणपन्नास दिवस, सतरा तास, तीन मिनिटे. मग मी मागची पाने चाळली. त्यापूर्वी खटका शेवटचा चालू झाला तो २७ एप्रिलला, रविवारी, चैत्रातल्या अमावास्येला, सायंकाळी साडेपाच वाजता. ती वेळ मी नोंदवली होती, कारण कुशाबाच्या खोबऱ्यापायी त्या दिवशी मला दादरच्या व्याख्यानाला उशीर झाला. तेथून १६ जूनच्या दहा तेहेतीसपर्यंत मोज. एकोणपन्नास दिवस, सतरा तास, तीन मिनिटे.

कुशाबा जूनपासून गावी आहे. म्हणून मी त्याला पूर्णपणे निर्दोष मानत नाही. जाण्यापूर्वी त्याने काय करून ठेवले असेल, ते सांगता येत नाही. परंतु तो मिनिटांच्या हिशेबाने सूड घेणारा माणूस नव्हे. तो वेळेवर चहासुद्धा घेत नसे.

तुमच्या चारशे इमारतींत ज्याला गणित येते असा एखादा रहिवासी असेल, तर त्याचा पत्ता कळव.

तुझा,
गंगाधर आजोबा


भोसरी
२० ऑगस्ट

ती. आजोबांना साष्टांग नमस्कार.

तुमचा आकडा वाचला आणि मी जागेवरून उठले. तो आकडा आमच्या धंद्यातल्या कोणालाही ओळखता येतो. मला जूनमध्येच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

पेटीतलं घड्याळ, खटका चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते मोजत असतं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्या आकड्यासाठी जेवढी जागा ठेवली आहे तिच्यात साधारण चारशे एकोणतीस कोटींपर्यंतच मावतं. पुढे घड्याळ परत शून्यावर येतं, जुन्या स्कूटरचा मीटर सगळे नऊ झाल्यावर शून्यावर यायचा तसं. ते भरायला लागतात एकोणपन्नास दिवस, सतरा तास, दोन मिनिटं आणि सत्तेचाळीस सेकंद.

लिफ्ट उभी असली तरी सतत कशाची तरी वाट बघत असते. चार सेकंदांनी दार लाव, पाच मिनिटं कोणी बोलावलं नाही तर तळमजल्यावर जा, असं. 'घड्याळात अमुक आकडा आला की हे काम कर' असं लिहिलेलं आहे. घड्याळ मधेच शून्यावर गेलं, तर तो आकडा कोट्यवधी मिलिसेकंद लांब राहतो. लिफ्ट त्याची वाट बघत उभी राहते. ती आणखी एकोणपन्नास दिवस उभी राहील. रखवालदार विचारतो, जागी आहेस ना? ती सांगते, हो, वाट बघतेय. त्याचं समाधान होतं.

आजोबा, त्या ओळी माझ्या आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिलेल्या. तपासणाऱ्यांना सापडल्या नाहीत, कारण आमच्या प्रयोगशाळेत दर शनिवारी सुटताना मुख्य स्विच बंद करायचा नियम आहे. पेटी सलग सहा दिवसांवर कधी चाललीच नाही. बाकीच्या इमारतींमधून तक्रार नाही, कारण बहुतेक ठिकाणी महिन्यातून दोनदा तरी वीज जाते. आणि तुमच्याकडे दोन वर्षं तक्रार नव्हती, कारण कुशाबाकाका दर अमावास्येला ते घड्याळ शून्यावर आणत होते. त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

साहेबांना सांगितलं आहे. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण लिफ्टचा प्रोग्रॅम पुन्हा तपासून, दाखला घेऊनच बसवता येतो. नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत वेळ लागेल. सगळ्या इमारतींना कंपनीचं पत्र जातंय: महिन्यातून एकदा खटका अर्धं मिनिट बंद करून चालू करा. तुम्ही कधीही करा. कुशाबाकाकांना परत बोलवा आणि त्यांनाच करू द्या. पुढची वेळ मी मोजली आहे. शुक्रवार, २६ सप्टेंबर, दुपारी बारा वाजून बावीस मिनिटं. तो आजीचा दिवस आहे.

तुमची,
अपेक्षा


गिरगाव
मंगळवार, दि. २ सप्टेंबर

चि. अपेक्षा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. चुका चारच आहेत. अपराध्याची भाषा सुधारते, असा माझा जुना अनुभव आहे.

तुझा प्रामाणिकपणा मला आवडला, उपाय आवडला नाही. महिन्यातून एकदा खटका बंद करून चालू करणे हेच तुझ्या शास्त्राचे अंतिम उत्तर असेल, तर त्यात आणि कुशाबाच्या शास्त्रात फक्त नारळाचा फरक उरतो. माझी अडचण समजून घे. 'विज्ञानयुगास अशोभनीय' हे शब्द इतिवृत्तात आहेत, त्याखाली माझी सही आहे, आणि त्याच सहीने मी आता सभेपुढे असा ठराव मांडायचा की दर अमावास्येस लिफ्टला विश्रांती देण्यात यावी? वर कुशाबाला पत्र लिहायचे? त्या पत्राचा मायना काय असावा, हे मी दोन दिवस योजून पाहिले. मला सुचला नाही.

शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेही तुझे विधान अपुरे आहे. दोन घटना हा योगायोग असू शकतो. तिसरी घटना सांगून, त्या मिनिटाला, साक्षीदारांदेखत घडली पाहिजे. तेव्हाच त्याला सिद्धता म्हणता येईल आणि तेव्हाच तुझी कंपनी नोव्हेंबरऐवजी त्याच आठवड्यात जागी होईल. म्हणून मी असे ठरवले आहे: २६ तारखेपर्यंत खटक्याला कोणीही हात लावायचा नाही. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या दिवशी सव्वाबाराला समितीच्या सातही सदस्यांनी तळमजल्यावर हजर राहावे, अशी लेखी सूचना फिरवली आहे.

सरोजिनीची व्यवस्था केलेली आहे. तिने साडेअकरालाच खाली उतरून मनूकडे बसावे आणि तेथूनच जावे. परतण्याच्या वेळेपर्यंत लिफ्ट चालू व्हावी, म्हणून तंत्रज्ञाला त्याच दिवशी दुपारी तीनची वेळ दिली आहे. त्याने ती घेतली आहे. हे सर्व मी तिला समजावून सांगितले. ती काही बोलली नाही. तिची संमती आहे.

तुझा,
गंगाधर आजोबा


भोसरी
९ सप्टेंबर

ती. आजोबांना नमस्कार.

तीन वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. म्हणून लिहिते.

तो तंत्रज्ञ दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आला होता. तिसऱ्यांदा तो तीन वाजता येईल यावर तुम्ही आजीला चार तासांच्या डायलिसिसनंतर जिन्याखाली बसवणार आहात. पुन्हा खुर्ची, पुन्हा बांबू. कशासाठी? बेरीज बरोबर आहे हे सात माणसांना दाखवायला. बेरीज बरोबर आहे, आजोबा. मीच सांगतेय. चूक माझी आहे, तुमची नाही. तुम्ही फक्त ती थांबवायची आहे, आणि ते तुमच्या खणातल्या किल्लीने होतं.

तुम्हाला जूनमध्ये लिहिलं होतं, उशिरा आलेलं बरोबर उत्तर आम्ही चूक धरतो. तेव्हा मी ते ऐटीत लिहिलं होतं. आता मला तसं लिहवत नाही.

कुशाबाकाकांना लिहायचा मायना सुचत नसेल तर मायना नका लिहू. या पत्रातल्या चुका मोजू नका.

अपेक्षा


गिरगाव
शनिवार, दि. २७ सप्टेंबर

चि. अपेक्षा हिस आशीर्वाद.

तुझे अंकगणित चुकले.

काल दुपारी सव्वाबाराला समितीचे सातही सदस्य तळमजल्यावर उपस्थित होते. आमच्या संस्थेच्या इतिहासात पूर्ण गणसंख्या प्रथमच झाली. हितेंद्रने माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. मी घड्याळ हातात धरून उभा राहिलो. बारा बावीस झाले. बारा तेवीस झाले. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून कोणाला तरी घेऊन निर्विकारपणे खाली आली, दार उघडले, दार मिटले, ती पुन्हा वर गेली. बारा पंचविसाला मी सर्वांना आणखी पाच मिनिटे थांबण्याची विनंती केली. ते थांबले. विशेष म्हणजे कोणीही हसले नाही. मनूने तर पाणी आणून दिले. आजवर ज्या समितीला मी अडाणी समजत होतो, तिच्या सभ्यतेची नोंद घेणे मला भाग आहे.

साडेबाराला लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली आली आणि तिच्यात सरोजिनी होती. तिला साडेअकरालाच उतरायला सांगितले होते. निऱ्या नीट बसेनात, असे कारण तिने दिले. दार उघडले, ती बाहेर आली, सातही जणांकडे पाहून हसली आणि टॅक्सीत जाऊन बसली. मला त्या वेळी काय वाटले, तो या पत्राचा विषय नाही. सायंकाळी साडेपाचला ती त्याच लिफ्टने वर आली. तंत्रज्ञ तीन वाजता आला नाही, हे अर्थात सांगायला नको.

निष्कर्ष असा, की चारशे एकोणतीस कोटींची तुझी उपपत्ती सपशेल कोसळली आहे. मी ती प्रामाणिकपणे तपासली. दोष माझा नाही. तुझ्या कंपनीस मी सविस्तर पत्र लिहीत आहे. सतरा पाने झाली आहेत. त्यात असेही सुचवले आहे, की खरे कारण सापडेपर्यंत निव्वळ खबरदारी म्हणून महिन्यातून एकदा खटका बंद करण्यास संस्थेची हरकत राहणार नाही. दिवस कोणताही चालेल. लक्षात राहावा म्हणून अमावास्येचा धरला तरी चालेल.

तुझा,
गंगाधर आजोबा


गिरगाव
रविवार, २८ सप्टेंबर

चि. अपू,

ह्यांचं पत्र तुला मिळालं असेल किंवा मिळेल. तुझं गणित बरोबर आहे हो. उगाच कागद काढून बसू नकोस.

तुझी सगळी पत्रं मी वाचलेली आहेत. चार तास त्या खुर्चीत हाताला सुया टोचून बसायचं, मग वाचायचं काय? पिशवीत तुझी पत्रं घेऊन जाते. मला कळलं नाही असं त्यात काही नव्हतं. दुधाचं तर फारच चांगलं लिहिलं होतंस.

सव्वीस तारखेचा बेत ह्यांनी मला सांगितला तेव्हा मी बोलले नाही. बोलले नाही म्हणजे हो म्हणाले, असं हे पन्नास वर्षं धरत आलेत. तुला एक सांगते. ऑगस्टात खुर्चीतून वर येताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मनूचा हात सुटला होता. खुर्ची कलली, मी कठडा धरला. हितेंद्रने सावरलं. हे पुढे होते, "डावीकडे, डावीकडे" सांगत. त्यांना दिसलं नाही. मनू बिचारा पांढराफटक पडला, म्हणून मी ते पळून जाण्याचं बोलले. पण तेव्हाच ठरवलं होतं, त्या खुर्चीत परत बसायचं नाही.

मग मी कुशाबाला फोन लावला. गणपती उरकून तो मोकळाच होता. मायना वगैरे काही नाही. लिफ्ट बसायला आलीय, येऊन जा, म्हटलं. तो सर्वपित्रीला, म्हणजे गेल्या रविवारी दुपारी आला. हे रविवारी चार ते सहा दादरला ग्रंथालयात असतात. किल्ली मीच खणातून काढून दिली. त्याने खटका बंद केला, मोटार पुसली, तेल दिलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. "वयनी, मशीन आपणहून थांबाक सांगणा नाय, तेका आपणच बसवचा लागता," म्हणाला. सगळ्या मजल्यांवर खोबरं गेलं आणि सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. तेव्हा शुक्रवारी जे सातजण उभे होते त्यांना लिफ्ट थांबणार नाही हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, म्हणून निऱ्या घालत बसले.

आता खरी गोष्ट. ही मला काल कुशाबाने सांगितली; तो परत लिफ्टवर बसायला लागलाय.

त्या रविवारी हे दादरला गेलेच नाहीत. पाचच्या सुमाराला कुशाबा मोटार पुसत होता तर मशीनघराच्या दारात हे उभे. ह्यांनी खटक्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, खाली ठेवलेल्या कुंकवाच्या कोयरीकडे बघितलं. मग विचारलं, "तेल दिलंस?"

तो म्हणाला, "दिलंय."

"बरं. सव्वापाचला चालू कर. मला वेळ लिहून ठेवायची आहे." आणि दोन पायऱ्या उतरून परत वळले. "सरोजिनीला सांगू नकोस."

खोबरं दिलं तर नको म्हणाले. जिन्याने खाली गेले आणि सहा वाजेपर्यंत चौपाटीवर बसून आले असावेत, कारण घरी आले तेव्हा चपलांना वाळू होती. मला म्हणाले, आज ग्रंथालयात फार गर्दी होती.

म्हणजे शुक्रवारी हे सगळं माहीत असून घड्याळ धरून उभे राहिले. सात माणसांसमोर स्वतःला खोटं पाडून घेतलं, वर पाच मिनिटं जास्त थांबवलं सगळ्यांना. 'मी चुकलो' एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण ते ह्यांच्याच्याने होईना, म्हणून सगळा दोष तुझ्या माथी मारला. तू तो घे, अपू. तुझ्या वयाला पेलेल. आणि मला कळलंय, हे ह्यांना कळू देऊ नकोस. त्यांनी कुशाबाला घातलेली शपथ मोडल्यासारखी होईल.

तुझी नवी ओळ लवकर बसव. तोपर्यंत आमचं चाललंय. आत बसून हे तुझ्या कंपनीला लिहितायत. आता विसावं पान चालू आहे, आणि मधेच मला विचारलं, उद्या किती वाजता निघायचं आहे. सोमवार असतो, हे त्यांना माहीत आहे. साडेबाराला, म्हटलं. "मी खालपर्यंत येतो," म्हणाले.

तुझी,
सरोजिनी आजी